पत्र्याखालचा उन्हाळा: एका आशाताईंच्या धास्तीचं प्रकरण

(व्यक्ती आणि गाव ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. कुटुंबाची संमती घेतलेली आहे.)

पार्श्वभूमी

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या शिवेवरचं, दोन हजारांच्या आतलं गाव. बाई पस्तिशीच्या, गावच्या आशा कार्यकर्त्या. नवऱ्याची चार एकर कोरडवाहू. सोयाबीन-तूर निघाली की तो दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातो. मुलगा चौथीत. घरात सत्तरीच्या सासूबाई. बाई त्यांना आत्या म्हणतात आणि गाव बाईंना ताई म्हणतं, तेव्हा इथंही ताई आणि आत्या एवढंच म्हणू.

घराची रचना आधी सांगायला हवी, कारण पुढचा सगळा पेच तिच्यातच आहे. रस्त्याच्या बाजूला पत्र्याच्या दोन खोल्या. मागे जुनं माळवद: मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, लाकडी खांब-तुळया, वर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. अशा घरात भर मे महिन्यातही दुपारी डोळा लागतो. पण त्या माळवदाला कुलूप आहे. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला आणि अशाच भिंती, अशीच माती झोपेतल्या माणसांवर आली. ताईंच्या सासरच्या गावात भिंतींना भेगा गेल्या, माणूस दगावलं नाही. आत्यांचं माहेर मात्र नंतर दुसऱ्या जागी वसवाव्या लागलेल्या 52 गावांपैकी. थोरला भाऊ, भावजय, त्यांची लेकरं तिथं दगावली. तेव्हापासून आत्या मातीच्या छताखाली झोपल्या नाहीत आणि कुणाला झोपू दिलं नाही.

त्या एका घराचीच ही गोष्ट नाही. या पट्ट्यात भूकंपानंतर अनेकांनी डोक्यावर वजन नको म्हणून पत्रा घातला. पत्रा अंगावर पडला तरी माणूस वाचतं, हा हिशोब चुकीचा नव्हता. त्या हिशोबात उन्हाळा कुणी धरला नाही, एवढंच.

आता आदल्या वर्षीच्या मे महिन्यातली घटना. गावाबाहेर विहिरीचं काम चालू होतं. दुपारी एकच्या पुढं पन्नाशीचा एक मजूर बरळायला लागला आणि कोसळला. लोकांनी त्याला बाभळीच्या सावलीत निजवलं, कांदा हुंगवला, तळपायाला चोळला आणि मग ताईंना फोन केला. ताई ओआरएसची पाकिटं घेऊन पळत गेल्या. तो अर्धवट शुद्धीत होता. त्यांनी चमच्यानं पाणी पाजायचा प्रयत्न केला, ते ओठांतून बाहेर आलं. 108 ची गाडी आली, पण रुग्णालयाच्या वाटेतच तो गेला.

अडचण

ताई आमच्याकडे आल्या त्या फेब्रुवारीत. होळी जळाली, थंडी पळाली असं म्हणतात. होळीला अजून अवकाश होता आणि पहाटे गोधडी लागत होती. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती: छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, ईसीजी नॉर्मल, समुपदेशनासाठी पाठवत आहे.

त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "सर, अजून ऊन आलंच नाही आणि मला कसं व्हायलंय."

मोबाइलवर तापमान बघणं सकाळी उठल्यापासून सुरू व्हायचं. आजचं, उद्याचं, लातूरचं, सोलापूरचं, नांदेडचं. गटांवर फिरणारे लाल नकाशे, जुन्या वर्षांचे व्हिडिओ, एप्रिल 2023 मध्ये खारघरच्या कार्यक्रमात उष्माघातानं माणसं गेली त्याच्या बातम्या. रात्री दोन-तीनदा उठून मुलाच्या कपाळाला हात. मुलाचं मैदानावर जाणं जानेवारीतच बंद केलेलं. गृहभेटी टाळून नोंदी घरी बसून फोनवर भरणं सुरू झालं होतं, आणि आशांचा बराचसा मोबदला कामावर ठरत असल्यानं महिन्याचे पैसे घटले होते. नवऱ्याचं म्हणणं, "ऊन काय हिला एकटीलाच लागतंय का? गाव जगतंयच की."

चिंतेच्या सात प्रश्नांच्या तक्त्यावर (गुण 0 ते 21) त्या तीव्र गटात, म्हणजे 15 च्या वर होत्या.

मनाचं म्हणण्याआधी

उकाडा सहन न होणं, धडधड, झोप उडणं, वजन घटणं ही थायरॉइड वाढल्याचीही लक्षणं आहेत, आणि रक्त कमी असेल तर साध्या चालण्यानंही छाती धडधडते. म्हणून आधी रक्त तपासलं. थायरॉइड ठीक निघालं, हिमोग्लोबिन कमी. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या वाटणाऱ्या आशाताईंचंच रक्त कमी निघावं यात नवल वाटण्यासारखं आता आम्हाला काही उरलेलं नाही.

पहिला पेच: धीर द्यायचा की नाही

नेहमीची भीती असती तर काम सरळ होतं. जी गोष्ट वाटते तेवढी धोक्याची नाही, तिच्या हळूहळू जवळ न्यायचं. इथं गोष्टच धोक्याची होती. भारतीय हवामान विभागाच्या 1901 पासूनच्या नोंदींत 2024 हे देशातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं आहे. मराठवाड्यात मे महिन्यात 42-43 अंश ही बातमी राहिलेली नाही. वर पाण्याची रड: 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते ताईंनी माहेरी असताना पाहिलेलं. अशा बाईला "काही होत नाही हो" म्हटलं असतं तर ती पुन्हा आलीच नसती.

तेव्हा पहिल्या भेटीतच सांगितलं, की ताई, ऊन वाढतंय हे तुमचं खरं आहे. मग भीतीची वाटणी केली. एका कागदावर डावीकडे ज्यावर घरात, कामात, गावात काही करता येईल ते. उजवीकडे ज्यावर काहीच करता येत नाही ते. "पुढं लेकराचं काय होणार" हे त्यांनी उजवीकडे लिहिलं. "पत्रा" हा शब्द डावीकडे लिहिला, आणि शेजारी आपणहून "माळवद – आत्या". तोवर आम्हाला माळवदाचं काही ठाऊकही नव्हतं.

समोरचे पर्याय

गोळ्या लगेच सुरू करणं हा एक पर्याय होता. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल सर्रास दिलं जातं. मनोविकारतज्ज्ञांनी ते नको म्हटलं: उकाड्यात शरीर थंड ठेवायला हृदयाला जास्त काम करावं लागतं आणि हे औषध नेमकं त्यालाच वेसण घालतं. (जाता जाता, हेच भान मनोविकाराच्या इतर रुग्णांबाबतही लागतं. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं तर औषधाची रक्तातली पातळी वाढते; काही औषधांनी घामच कमी येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर अशा रुग्णांची यादी काढून घरी निरोप धाडला पाहिजे.) चिंतेवरची सर्ट्रालिनसारखी गोळी राखून ठेवायचं ठरलं, आधी काही आठवडे बोलणं आणि घरातले बदल करून बघू.

दुसरा पर्याय ताईंनीच मांडला: उन्हाळाभर मुलाला घेऊन पुण्याला भावाकडे जाणं. नवरा तयार होता. आम्ही अडवलं नाही, पण दोन प्रश्न विचारले. दोन महिन्यांचा मोबदला बुडेल त्याचं काय? आणि पुढच्या वर्षी? त्यांनी आठवडाभर विचार करून बेत सोडला. तो बेत वाईट होता असं माझं आजही मत नाही. पाच वर्षांचं लेकरू असतं, हाताशी पैसा असता, तर मी कदाचित जा म्हणालो असतो.

तिसरा, घर बदलणं. स्लॅब टाकायला पैसा नव्हता. उरला पत्रा सुसह्य करणं आणि माळवदाचं कुलूप.

मजुराचा मृत्यू: सांगावं की झाकावं

तिसऱ्या-चौथ्या भेटीत ताई विहिरीवरच्या माणसाबद्दल बोलल्या. "मी पाणी पाजत बसले. तिथंच वेळ गेला."

आमच्यात यावर दोन मतं पडली. एका सहकाऱ्याचं म्हणणं, तुम्ही सगळं बरोबर केलंत असं सांगून टाकावं, ओझं तरी उतरेल. पण अर्धवट शुद्धीतल्या माणसाला तोंडानं पाणी द्यायचं नसतं, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. उष्माघातात पहिलं काम अंग गार करण्याचं. हे त्यांना आज ना उद्या कुठल्या तरी प्रशिक्षणात कळणारच होतं आणि तेव्हा आमच्या शब्दाला किंमत उरली नसती.

म्हणून खरं सांगितलं, पण सगळं खरं सांगितलं. पाणी पाजायचं नव्हतं, हे खरं. तो सकाळपासून बिनसावलीच्या खड्ड्यात खणत होता, हेही खरं. फोन येईपर्यंत बराच वेळ गेला होता. तुमच्या हातात पाकिटं होती, बर्फ नव्हता. तुम्हाला जे शिकवलं होतं ते तुम्ही केलंत. तो वाचला असता की नाही, हे कुणीही सांगू शकत नाही.

ताई बराच वेळ रडल्या. मग पदरानं तोंड पुसून त्यांनी विचारलं, "मग काय करायचं असतं?"

पुढचं अर्धं काम या प्रश्नातून निघालं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सांगून मार्चमध्ये गावातल्या बचत गटाच्या बायकांपुढं तालीम ठेवली. शिकवायचं ताईंनीच. बरळतोय, झोकांड्या खातोय, शुद्ध हरपतेय, अंग तापलंय: 108 ला फोन लावा आणि गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर घागरीनं पाणी ओता, ओली लुगडी टाका, मानेला, काखेत, जांघेत गार फडकी ठेवा, पुठ्ठ्यानं वारा घाला. तोंडात काही घालू नका. "आधी गार, मग गाडी" हे शब्द एका आजीबाईंनी तिथंच जुळवले आणि तेच गावात चालले. कांद्याबद्दल वाद झाला. खिशात ठेवायचा तर खुशाल ठेवा, असं ताईंनी मिटवलं. तो हुंगवण्यात वेळ घालवायचा नाही एवढीच अट.

शरीराची भीती

ताईंना आता उन्हापेक्षा स्वतःच्या धडधडीची धास्ती जास्त होती. घाम आला की "लागलं ऊन" आणि मग खरंच झटका यायचा. एरवी अशा वेळी माणसाला भीती वाटते त्या जागी थोडं थोडं थांबवतात. पण दुपारी 42 अंशांत कुणाला उभं करणं हा उपचार नव्हे. म्हणून ऊन वगळलं आणि फक्त शरीराच्या जाणिवा घेतल्या: सकाळी साडेसहाला देवळापर्यंत झपाझप चालायचं, घाम येऊ द्यायचा, छाती धडधडू द्यायची, काही न करता ती ओसरताना बघायची. मुलालाही सोबत न्यायचं. परतीच्या वाटेवर तो क्रिकेट खेळून घ्यायचा.

आणखी एक गोष्ट ठरवावी लागली. दुपारी खरंच गरगरलं तर ते मनाचं की उन्हाचं? दोन्हींत धडधड, घाम, मळमळ असतेच. नियम असा केला, की उन्हाच्या वेळी आधी उन्हाचंच समजायचं. सावली, ओलं फडकं, घोट घोट पाणी. घरच्या घरी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अर्ध्या तासात उतार नाही, उलटी थांबत नाही, बोलणं असंबद्ध होतंय, तर दवाखाना. आणि गार पहाटे अंथरुणात धडधडलं तर ते मनाचं. उठून बसायचं, श्वास घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ लावायचा. रात्री फारच झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक. त्यांनी तो दोनदा लावला, असं त्या म्हणाल्या.

मोबाइलवर तापमान संध्याकाळी एकदा, तेही हवामान विभागाचंच. त्यातून एकच गोष्ट ठरवायची: उद्याच्या गृहभेटी किती वाजता. आरोग्य केंद्रानं भेटी सकाळी साडेदहाच्या आत उरकायला तोंडी परवानगी दिली.

पत्रा आणि माळवद

पत्र्यावर नवऱ्यानं चुन्याचे दोन हात मारले, आतून तुराट्यांचे तट्टे बांधून छत केलं (चुलीच्या बाजूला मुद्दाम नाही, वाळकी तुराटी पेटायला ठिणगी पुरते). खिडकीला ओलं गोणपाट. फरक पडला, दुपारी आत बसवेल इतका. रात्री मात्र पत्र्याखाली दिवसाची धग साचून राहायची, आणि शरीराला दुरुस्तीला जो वेळ मिळायचा तो रात्रीच मिळतो. अंगणात मच्छरदाणी लावून निजायला ताई साप-विंचवाला भ्यायच्या.

मग माळवद. नवरा म्हणाला, "मायला समजावून सांगा, कुलूप उघडू." एप्रिलच्या सुरुवातीला घरी गेलो. आत्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमी माती उपसली नाही ना बाबा. म्या उपसलीय. हातानं."

त्या दिवशी आम्ही समजावणं थांबवलं. पुढच्या भेटीत फक्त त्यांना बोलतं केलं. इतक्या वर्षांत त्यांना त्या रात्रीबद्दल सलग कुणी विचारलं नव्हतं. त्या बोलत होत्या तेव्हा ताई दाराशी उभ्या होत्या. रात्री उठून मुलाच्या कपाळाला हात लावणारी सून आणि पावसाळ्यात रात्री उठून भिंत चाचपणारी सासू, दोघी एकाच लेकराला जपत होत्या.

ओळखीच्या एका स्थापत्य अभियंत्यानं माळवद पाहिलं. मागची भिंत फुगलेली, ती उतरवायला हवी. बाकी घर वाचवता येईल: वरची माती निम्म्यानं कमी करायची, खांब-तुळयांच्या कोपऱ्यांना तिरपे लाकडी आधार द्यायचे, भिंतीतून आरपार बांधदगड घालायचे. भूकंपानंतर या भागात दुरुस्ती-मजबुतीकरणात हेच सांगितलं गेलं होतं. या घराच्या वाट्याचे पैसे तेव्हा पत्र्यात गेले. खर्चाचा आकडा ऐकून नवरा गप्प झाला.

त्या उन्हाळ्यापुरती तडजोड आत्यांनीच काढली. माळवदाची समोरची ओसरी, जिच्यावर माती नाही, नुसत्या फळ्या आणि कौलं आहेत, ती झाडून घेतली. दुपारी मुलगा आणि ताई तिथं. दारं सताड उघडी, आणि आत्या पायरीवर.

परिणाम

मे उजाडेपर्यंत ताईंचं काम पूर्ववत झालं, मुलगा सकाळ-संध्याकाळ बाहेर खेळू लागला. झोप मात्र सुधारेना. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सर्ट्रालिन कमी मात्रेत सुरू केलं. घामात फरक पडू शकतो, पाणी वेळेवर प्या, असं बजावून. तक्त्यावरचे गुण जूनअखेर सौम्य गटात आले. यातलं किती गोळीचं, किती ओसरीचं आणि किती मृगाच्या पहिल्या पावसाचं, हे वेगळं काढता येणार नाही.

मे महिन्यातल्या एका लग्नात वरातीतला पोरगा भोवळ येऊन पडला. ताईंनी त्याला मांडवाबाहेर काढून माठभर पाणी ओतलं. तो शुद्धीवर होता, तासाभरात जेवायला बसला. गावानं कौतुक केलं. त्या रात्री ताई पहाटेपर्यंत जाग्या होत्या आणि पुढचे काही दिवस मोबाइलवरचं तापमान बघणं पुन्हा वाढलं. आम्ही हे बिघाड म्हणून नोंदवलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

आत्यांना आम्ही सुरुवातीला अडसर समजलो. त्यांना रुग्ण म्हणून पहिल्याच महिन्यात वेगळं भेटायला हवं होतं. भूकंपाच्या पट्ट्यात काम करताना घरात कोण कुठं झोपतं आणि का, हा प्रश्न पहिल्या भेटीच्या कागदावरच असायला हवा. तो आता आम्ही घातला आहे.

नवऱ्याला चुना मारण्यापुरतं धरलं, बोलण्यात घेतलं नाही. "गाव जगतंयच की" या वाक्यामागे त्याची स्वतःची धास्ती होती का, ते आम्ही विचारलंच नाही. ट्रॅक्टरवर तोही उन्हातच असतो.

सकाळच्या गृहभेटींची परवानगी तोंडी होती. जूनमध्ये डॉक्टर बदलून गेले आणि नव्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. हे लेखी आणि तालुक्यातल्या सगळ्या आशांसाठी मागायला हवं होतं. एकट्या ताईंसाठी मागितल्यानं त्यांना सवलत घेतल्यासारखं वाटलं, ते वेगळंच.

आणि वेळ. फेब्रुवारीत सुरू केलेल्या कामाला घराची डागडुजी गाठता येत नाही. गवंडी, लाकूड, पैसा, सगळं दिवाळीनंतर, तूर निघायच्या सुमाराला जमतं. यंदा ताईंची पुढची भेट म्हणूनच भाऊबिजेनंतर ठेवली आहे. गोळी चालू ठेवायची की कमी करायची हे मनोविकारतज्ज्ञ तेव्हा ठरवतील. फुगलेली भिंत उतरवायचा खर्च नवऱ्यानं सोयाबीनच्या पट्टीवर धरला आहे. आत्यांनी होकार दिलेला नाही. मजुरांना चहा कोण देणार, एवढं मात्र त्यांनी परवा विचारलं.